खोटं नाणं, चुकलेलं नाणं आणि शिवराईवरचा ‘सीव’

(या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय. ज्यांच्याकडे नेट संपलंय किंवा ज्यांना एसटीत कानात काही घालायचं नाही, त्यांच्यासाठी.)

मी फुलसावंगीहून बोलतोय, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ. आजचा विषय नाण्यांचा. साधी नाणी नाही, चुकलेली नाणी. म्हणजे ज्यावर अक्षर उलटं आलंय, नाव चुकलंय, छाप एका बाजूला सरकलाय, अशी.

तुमच्या मोबाईलवरही असले व्हिडिओ येत असतील. ‘पाच रुपयाची ट्रॅक्टरवाली नोट द्या, लाखो रुपये घ्या.’ ‘वैष्णोदेवीचं नाणं असेल तर तुम्ही करोडपती.’ आणि हल्ली नवीन: ‘एरर कॉइन आहे का? आम्ही घरी येऊन घेऊ.’ यातली गोची अशी आहे की सगळंच खोटं नाही. चुकलेल्या नाण्यांना खरंच किंमत येते, जगभर लोक ती जमवतात, लिलावात बोली लागते. खऱ्याच्या आडोशालाच खोटं उभं राहतं ना! म्हणून आधी खरं काय ते नीट समजून घेऊ. एकदा ते कळलं की खोटं आपोआप उघडं पडतं.

हा भाग करायचं एक कारण आहे. आपल्याच भागातल्या एका पोराचा व्हॉइस मेसेज आला होता. नाव सांगत नाही. म्हणाला, “भाऊ, आजीच्या देवघरातला तांब्याचा पैसा हाय. फोटो टाकला तं एकानं साडेतीन लाख देतो म्हनलं. पन आधी दोन हजार शंभर भरा म्हनते, सरकारी परवानगीचे. भरू काय?” नाण्याचे चार फोटोही होते. त्याच्या नाण्याकडे आपण येऊच. आधी नाणं चुकतं कसं ते बघू.

ठसा म्हणजे काय?

आपल्याकडे जुन्या काळी नाणं हातानं पाडायचे. पाडायचे हाच शब्द, नाणी ‘पाडतात’. जिथं पाडतात ती टांकसाळ. तिथं लागायच्या तीन गोष्टी: धातूची चकती, दोन ठसे आणि एक जड हातोडा.

खालचा ठसा ओंडक्यात किंवा ऐरणीत पक्का बसवलेला. त्यावर चकती ठेवायची. वरचा ठसा हातात धरायचा आणि हाणायचा ठोका. एका ठोक्यात दोन्ही बाजू उमटल्या पाहिजेत. म्हणून तर छापा आणि काटा दोन्ही एकाच वेळी जन्माला येतात.

आता गंमत बघा. नाण्यावर अक्षर सरळ यायचं असेल तर ठशावर ते उलटं कोरावं लागतं, आरशात दिसतं तसं. शिवाय नाण्यावर जे उंच दिसतं ते ठशात खोल असतं. कारागीर लोखंडावर छिन्नीनं उलटी अक्षरं खोदतोय. त्याला लिहिता-वाचता येत असेलच असं नाही. अनेकदा तो समोर ठेवलेला नमुना बघून चित्र काढावं तसं अक्षर काढतो. एखादा कारागीर एखादं अक्षर चुकून सरळच कोरायचा. मग त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ते अक्षर उलटं!

हा ‘प्रत्येक’ शब्द लक्षात ठेवा. पुढची सगळी परीक्षा त्याच्यावर आहे.

चुकांचे तीन डबे

मी चुका तीन डब्यांत टाकतो.

पहिला डबा ठशाच्या चुकांचा. अक्षर चुकलं, आकडा चुकला, नक्षी राहिली, ठशाला चीर गेली. ही चूक ठशात आहे, त्यामुळे तो ठसा मोडेपर्यंत किंवा दुरुस्त होईपर्यंत निघालेल्या सगळ्या नाण्यांवर ती सारखीच येणार. ठशाला चीर पडली तर नाण्यावर काय दिसेल, सांगा? खड्डा नाही, उंच रेघ! कारण ठोका बसला की धातू त्या चिरेत घुसतो. नाण्यावरची रेघ बोटाला उंच लागली तर ठशाची चीर असू शकते. खोल लागली तर कुणीतरी ओरखडा काढलाय. एवढ्या एका कसोटीवर निम्मे ‘दुर्मिळ’ पैसे घरच्या घरी बाद होतात.

दुसरा डबा चकतीच्या आणि ठोक्याच्या चुकांचा. चकती एका बाजूला सरकली, तर छाप अर्धाच आला. ठोका दोनदा बसला आणि मधे नाणं हललं, तर अक्षरं दुहेरी दिसली. चकती कापतानाच कडेचा तुकडा गेला, तर नाण्याला चंद्रकोरीसारखा खाचा पडला. आणि यातली सगळ्यात भारी चूक म्हणजे नाणं वरच्या ठशालाच चिकटून बसणं. कारागिराच्या लक्षात येत नाही, तो खाली नवी चकती ठेवतो, ठोका हाणतो. आता चिकटलेलं नाणंच ठशाचं काम करतं. त्यामुळे नव्या चकतीच्या एका बाजूला सरळ, उंच छाप येतो आणि दुसऱ्या बाजूला तोच छाप उलटा आणि खोलगट. दोन्हीकडे एकच बाजू! दुसऱ्या डब्यातली चूक एकेका नाण्याची असते. तिचं जुळं भाऊ-बहीण सापडत नाही.

तिसरा डबा सगळ्यात मोठा, आणि त्यात चूक नाहीच. नाणं टांकसाळीतून बाहेर पडल्यावर त्याला जे झालं ते सगळं या डब्यात. झिजलं, वाकलं, चुलीत पडलं, भोक पाडून गळ्यात घातलं, रेल्वेच्या रुळावर ठेवलं, मुद्दाम कानस मारली. इंटरनेटवर ‘एरर’ म्हणून फिरणाऱ्या फोटोंमध्ये या तिसऱ्या डब्याचा माल भरपूर असतो.

शिवराईवर काय लिहिलंय?

आता आपल्या मातीतलं उदाहरण. शिवराई! शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला. महाराजांनी सोन्याचा होन पाडला आणि तांब्याची शिवराई. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ आणि भोवती ठिपक्यांचं कडं. अक्षरं देवनागरी. आजूबाजूच्या बड्या सत्तांची नाणी फारसी अक्षरांत असताना आपल्या लिपीतलं हे नाणं बाजारात फिरत होतं.

होन आज हाताच्या बोटांवर मोजावेत इतके कमी. शिवराई मात्र ढीगभर, कारण ती महाराजांच्या नंतरही थांबली नाही. पुढचे छत्रपती आले, पेशवाई आली, तरी महाराजांच्याच नावानं शिवराई पडत राहिली आणि एकोणिसाव्या शतकातही खेड्यापाड्यांत चालत राहिली. आपल्या वऱ्हाडात तर निजाम, नागपूरकर भोसले आणि पेशवे अशा सत्ता एकमेकींत गुंतलेल्या. अचलपूरला टांकसाळ होती. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. त्यामुळे इकडच्या जुन्या घरांतल्या डब्यांत हर तऱ्हेचा तांब्याचा पैसा निघतो.

आता मुद्द्याचं. शिवराई गोळा करणाऱ्यांना एकाच नावाची निरनिराळी रूपं सापडतात. कुठं ‘शिव’, कुठं ‘शीव’, कुठं ‘सिव’, कुठं ‘सीव’. मागे कुठं ‘पति’, कुठं ‘पती’. काहींवर अक्षरं उलटीसुद्धा.

मग ही चूक म्हणायची का?

थांबा. चूक ठरायला आधी नियम लागतो. आज आपण मराठी लिहिताना जे ऱ्हस्व-दीर्घाचे नियम पाळतो, ते मराठी साहित्य महामंडळाचे नियम सरकारनं १९६२ साली मान्य केले. सतराव्या-अठराव्या शतकातल्या कारागिराला कुठला महामंडळाचा नियम! त्या काळचा रोजचा कारभार मोडीत चालायचा आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळपास पाळतच नसत. बोलण्यात ‘श’चा ‘स’ होणं तर आजही आपल्याकडे चालू आहे. त्यामुळे ‘सीव’ लिहिणारा माणूस चुकला नव्हता, तो ऐकू येतं तसं कोरत होता. जाणकार या प्रकाराला चूक न म्हणता ‘वेगळा ठसा’ म्हणतात. उलटं आलेलं अक्षर मात्र खरीखुरी ठशाची चूक, कारण उलटं अक्षर कुठल्याच काळात कुणाला हवं नव्हतं.

आणखी एक. शिवराईचा ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा असायचा. त्यामुळे वरची ‘श्री’ अर्धी, कडेचे ठिपके गायब, ‘छत्र’चा ‘छ’ कापलेला, हे नेहमीचंच. शिवराईत पूर्ण मजकूर दिसणंच विशेष! म्हणजे नव्या नाण्यात जी मोठी चूक मानली जाईल, ती इथं घरोघरची गोष्ट.

बीव्हरची नाणी आणि स्वतःच्याच नावातली चूक

हे फक्त आपल्याकडेच झालं का? नाही. अमेरिकेत जाऊ.

२४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियात कोलोमा इथं सोनं सापडलं आणि माणसांची झुंबड उडाली. सोन्याची भुकटी पोत्यानं, पण सुटे पैसे नाहीत. दुकानदार चिमटीत भुकटी घेऊन हिशोब करायचे. ज्याची चिमूट मोठी त्याचा फायदा! सरकारी टांकसाळ पार दुसऱ्या टोकाला. सॅन फ्रान्सिस्कोत सरकारी टांकसाळ सुरू झाली ती १८५४ साली. मधल्या काळात खाजगी लोकांनीच नाणी पाडली. आपल्याकडेही पेशवाईत टांकसाळी ठेक्यानं दिल्या जात, तेव्हा सरकारबाहेरच्या हातांनी नाणं पाडणं आपल्याला नवीन नाही.

शेजारच्या ओरेगॉन प्रांतात १८४९ साली काही व्यापाऱ्यांनी मिळून पाच आणि दहा डॉलरची सोन्याची नाणी पाडली. वर बीव्हर नावाच्या प्राण्याचं चित्र आणि भागीदारांच्या आडनावांची आद्याक्षरं. त्यातल्या एका भागीदाराचं आडनाव कॅम्पबेल. त्याचं अक्षर ‘सी’ यायला हवं होतं, पाच डॉलरच्या नाण्यावर आलं ‘जी’. आणि तो ठसा कुणी कोरला होता म्हणता? खुद्द कॅम्पबेल यांनी! शिवाय ‘ओरेगॉन टेरिटरी’ची अक्षरं ‘ओ. टी.’ यायच्या ऐवजी ‘टी. ओ.’ अशी उलट्या क्रमानं आली. दहा डॉलरच्या नाण्यावर ती नीट झाली.

आज ही नाणी अतिशय दुर्मिळ आहेत. कशामुळे? चुकीमुळे नाही. त्यांच्यात लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त किमतीचं सोनं होतं, म्हणून लोकांनी ती वितळवून टाकली. जी वाचली ती दुर्मिळ झाली. चुकीमुळे नाण्याला गोष्ट मिळाली. किंमत आली ती किती उरली त्यावरून.

हत्ती की डुक्कर?

आपल्या मुंबईतही असंच एक प्रकरण झालं. १९११ साली पंचम जॉर्ज राजाचा नवा चांदीचा रुपया निघाला, मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीतून. राजाच्या झग्यावर एका मानचिन्हाची माळ आणि त्यात बारीकसा हत्ती. पण हत्ती असा कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला! मुसलमान समाजात नाराजी पसरली. सरकारनं रुपया मागे घेतला. सुमारे ९४ लाख नाणी पाडली होती, त्यातली साधारण ७ लाखच बाहेर गेली होती, बाकीची वितळवली. १९१२ पासून हत्ती नीट ओळखू येईल असा नवा ठसा आला.

हा रुपया आज ‘डुक्करछाप’ म्हणून जमवणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. तो ७ लाखांत बाहेर गेलेला, त्यामुळे जुन्या घरांत अजून सापडतो. नुसतं ‘१९११’ दिसलं म्हणून कोट्यधीश होत नाही कुणी.

थोडक्यात, किमतीसाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. चूक खरी टांकसाळीतली असली पाहिजे. तशी नाणी कमी उरलेली असली पाहिजेत. आणि ती हवी असणारे लोक जास्त असले पाहिजेत. यातली एक जरी निसटली, तर उरतो नुसता तांब्याचा भाव.

मग त्या पोराचा पैसा?

आता त्याच्या फोटोंकडे येऊ. एका बाजूला ‘राजा’ आणि खाली ‘सीव’ स्पष्ट. ‘श्री’ अर्धी कापलेली. दुसऱ्या बाजूला ‘छत्र पती’, एका कडेला सरकलेलं. मधून एक तिरकी रेघ.

‘सीव’ म्हणजे वेगळा ठसा, माहीत असलेला प्रकार. कापलेली ‘श्री’ नेहमीची. राहिली ती रेघ. समोरच्या ‘खरेदीदारा’नं तिलाच ‘दुर्मिळ डाय क्रॅक’ म्हटलं होतं. मी त्याला फोनवर म्हणालो, नखानं बघ, उंच लागते की खोल? तो म्हणाला, “खोल हाय भाऊ. नख अडकते.” म्हणजे ओरखडा. तिसरा डबा. नाणं खरं, जुनं, आजीचं, पण साडेतीन लाखांचं नाही. साधी शिवराई बाजारात शेकड्यात जाते.

पण खरा पुरावा नाण्यात नव्हताच, तो व्यवहारात होता. विचार करा. ज्याला साडेतीन लाखांचं नाणं विकत घ्यायचंय, तो तुमच्याकडून दोन हजार शंभर कशाला मागेल? घेणारा पैसे देतो, मागत नाही. सोयाबीन विकायला गेलो आणि व्यापारी म्हणाला, ‘आधी तुम्ही मला पैसे द्या’, तर आपण पोतं तिथं ठेवू का?

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. आपण असल्या व्यवहारात पडत नाही, कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या नावानं ते घ्यायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही, असं बँकेनं सांगितलं. म्हणजे ‘सरकारी परवानगीचं शुल्क’ या तीन शब्दांतच फसवणूक लिहिलेली आहे.

त्या पोरानं आधीच पाचशे रुपये ‘नोंदणी’ म्हणून पाठवले होते. ते गेले. दोन हजार शंभर मात्र वाचले. ते पैसे घरात खतासाठी ठेवलेले होते. असं कुणाबरोबर झालं तर लाजू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा. राष्ट्रीय सायबर मदतीचा नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. पाचशे गेले म्हणून गप्प बसलं की तोच माणूस उद्या दुसऱ्याच्या आजीच्या डब्यापर्यंत पोचतो.

शेतात हंडा निघाला तर?

हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. घरात पिढ्यान्‌पिढ्या असलेलं नाणं वेगळं आणि नांगरताना किंवा जुनी भिंत पाडताना निघालेलं वेगळं. भारतीय निखात निधी कायदा १८७८ सालचा आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, म्हणजे भिंतीतसुद्धा, दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं आणि मिळणारा वाटाही जातो. शिवाय शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तूत मोडतं. ते आपल्या मनानं देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘दुबईचा गिऱ्हाईक आहे’ असं कुणी म्हणालं तर तिथंच फोन ठेवा.

घरी काय करायचं?

एक: नाणं धुऊ नका. चिंच, लिंबू, राख, काही नाही. तांब्यावरचा तो हिरवट-काळपट थर शेकडो वर्षांत तयार होतो. घासून चकचकीत केलं की नाण्याचं मोल उतरतं आणि बारीक अक्षरंही जातात.

दोन: दोन्ही बाजूंचे फोटो उन्हाच्या तिरप्या प्रकाशात काढा, फ्लॅश न मारता. तिरप्या प्रकाशात उंच-खोल स्पष्ट कळतं. शेजारी मोजपट्टी ठेवा.

तीन: वजन करा. गावातल्या सोनाराकडचा काटा चालतो. सोनाराला म्हणा, फक्त वजन, कसोटीवर घासू नका.

चार: आजच्या नाण्यात ठसा फिरलाय का बघायचंय? नाणं वहीचं पान उलटतो तसं बाजूनं उलटा. दोन्हीकडचं चित्र सरळ उभं दिसलं तर ठीक. एक बाजू तिरकी किंवा उलटी दिसली तर ठसा फिरलेला. आणि आकड्यांखालची खूणही बघा: मुंबईची चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, कोलकात्याची खूणच नाही.

पाच: ठशाची चूक वाटली तर तिचं दुसरं भावंड शोधा. तीच चूक, त्याच जागी, दुसऱ्या नाण्यावर दिसली तरच ठशाची. पहिल्या डब्यातला ‘प्रत्येक’ हा शब्द इथं कामाला येतो.

खरी नाणी बघायची असतील तर आपल्याला जवळचं ठिकाण म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासूनचा. मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संशोधन संस्था आहे. कुणी कॉलेजात इतिहास शिकत असाल तर यातलं एक तरी ठिकाण बघून या.

शेवटी एवढंच. आजीच्या देवघरातल्या शिवराईला साडेतीन लाख येणार नाहीत. पण तिच्यावरचा ‘सीव’ कोणत्या तरी कारागिरानं उलटा कोरलाय, दिव्याच्या उजेडात, ऐकू आलं तसा. ते नाणं बाजारात मीठ घ्यायला गेलं असेल, कुणाच्या मजुरीत आलं असेल. आजीला विचारा, हे आपल्याकडे कुठून आलं? ती सांगेल ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा आणि मला पाठवा, आवडलेल्या गोष्टी पुढच्या भागात लावू.

तोवर, कुणी लाख देतो म्हणालं तर आधी नख फिरवा, मग डोकं चालवा. भेटू!